पेरोव्हस्काइट सेल वर्षानुवर्षं टिकवायचा तर: पायरीपायरीने

२००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइट (इथे शिसं, आयोडाइड आणि सेंद्रिय किंवा सिझियम आयन यांचा प्रकाश शोषणारा स्फटिकी पदार्थ) वापरून पहिला सौरसेल केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये तो काही मिनिटांतच विरून जाई. आज प्रयोगशाळेतला एकेरी सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलाय आणि सिलिकॉनवर चढवलेला जोडसेल ३४ टक्क्यांच्या पुढे. घोडं पेंड खातंय ते टिकाऊपणापाशी. गच्चीवरच्या साध्या सिलिकॉन पॅनेलला २५ वर्षांची वॉरंटी मिळते. पेरोव्हस्काइटवाल्यांना तेवढ्या काळाबद्दल छातीठोक बोलता येत नाही.

पाषाणला एनसीएल, आयसर, सी-मेट या संशोधन संस्था, गणेशखिंडीला विद्यापीठ आणि शहरभर अभियांत्रिकी महाविद्यालयं. या विषयावर हात चालवणारी मुलं पुण्यात बरीच आहेत. ज्यांचा सेल पहिल्या दिवशी झकास चालतो आणि आठवड्याभरात बसतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सेल मुळात कसा करायचा ते इथे सांगत नाही.

एक मत आधीच मांडतो. टिकाऊपणा ही द्रावणात चिमूटभर टाकायची गोष्ट नाही. ‘अमुक क्षार घातला आणि सेल हजार तास टिकला’ असं वाचलं की आधी विचारा: नायट्रोजनमध्ये की हवेत? किती तापमानाला? कोणत्या दिव्याखाली? सेलमधून वीज काढली जात होती की तो नुसताच उजेडात पडून होता? ही उत्तरं नसतील तर त्या हजार तासांना अर्थ नाही.

पहिली पायरी: सेल नेमका कशाने मरतोय ते शोधा

पेरोव्हस्काइटचे शत्रू पुष्कळ: पाण्याची वाफ, उजेडाच्या जोडीने येणारा ऑक्सिजन, उष्णता, अतिनील किरण आणि सेलच्या आतच व्होल्टेजमुळे सरकणारे आयोडाइडचे आयन. हे सगळे एकदम लागू केले तर सेल नक्की मरेल, पण कोणी मारला ते कळणार नाही. म्हणून एकाच बॅचमधले सेल गटांत वाटा. पहिला गट अंधारात, कोरड्या नायट्रोजनमध्ये, खोलीच्या तापमानाला. दुसरा तसाच, पण ८५ अंश सेल्सियसवर. तिसरा नायट्रोजनमध्ये उजेडाखाली, कमाल शक्तीच्या बिंदूवर, म्हणजे सर्वाधिक वीज निघते त्या व्होल्टेजवर, धरलेला. चौथा अंधारात, दमट हवेत. जमलं तर पाचवा गट उजेडातच, पण वायर न जोडता, म्हणजे ओपन सर्किटवर. तिसऱ्याशी त्याची तुलना फार बोलकी असते, कारण निर्माण झालेले विद्युतभार बाहेर काढले नाहीत तर ते आतच उपद्व्याप करतात. प्रत्येक गटात किमान सहा-आठ सेल हवेत. दोन सेलवरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नसतो.

या वाटणीला आंतरराष्ट्रीय चौकट आहे. ‘आयसॉस’ नावाच्या चाचणी-पद्धती पेरोव्हस्काइटसाठी २०२० साली सहमतीने सुधारल्या गेल्या. त्यांत ‘डी’ म्हणजे अंधार, ‘एल’ म्हणजे उजेड, ‘टी’ म्हणजे तापमानाचे फेरे, ‘ओ’ म्हणजे उघड्यावर. आपल्या चाचणीला त्यातलं नाव द्या, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करता येते.

मग लक्षणं वाचा. फक्त कार्यक्षमतेचा आलेख काढू नका; व्होल्टेज, करंट आणि फिल फॅक्टर (व्होल्टेज-करंट वक्र आदर्श चौकोनाच्या किती जवळ आहे ते) वेगवेगळे काढा. करंट घसरतोय तर प्रकाश शोषणारा थरच कमी होतोय. व्होल्टेज घसरतंय तर भार आतल्या आत जिरताहेत, बहुधा पृष्ठभागावर. फिल फॅक्टर घसरून वक्राला ‘एस’सारखा बाक आला तर दोन थरांमधल्या सीमेवर किंवा इलेक्ट्रोडपाशी अडथळा आलाय. काठ पिवळे पडले तर पाणी कडेने शिरलंय. एक्स-रे विवर्तनात तांब्याच्या नळीवर १२.७ अंशाला शिखर दिसलं की ते लेड आयोडाइड, ११.८ च्या आसपास दिसलं की फॉर्मामिडिनियमची पिवळी, निरुपयोगी अवस्था. पेरोव्हस्काइटचं स्वतःचं मुख्य शिखर १४ अंशाच्या जवळ असतं.

दुसरी पायरी: मिथाइलअमोनियम सोडा

शिकताना सगळे मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडपासून सुरुवात करतात, कारण त्याची फिल्म सहज बनते. पण ८५ अंशांवर तो अगदी नायट्रोजनमध्येही हळूहळू तुटतो: सेंद्रिय भाग वायू होऊन निघून जातो आणि मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. शिवाय ५५ अंशांच्या सुमारास त्याची स्फटिकरचना बदलते, म्हणजे उन्हाळ्यात तो रोज ती सीमा ओलांडणार.

८५ अंश हा आकडा पुस्तकी वाटत असेल तर साधा हिशेब करा. एप्रिलमध्ये पुण्यात हवा ४० अंशांच्या जवळ जाते. पॅनेलचं नेहमीचं कार्यतापमान ४५ अंश धरलं, तर भर उन्हात ते हवेपेक्षा तीसेक अंश अधिक तापतं, म्हणजे ७० च्या वर. वारा पडलेला असेल आणि पॅनेल पत्र्याला चिकटून बसवलं असेल, तर आणखी.

म्हणून मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम हा दुसरा सेंद्रिय आयन आणि सिझियम यांची जोडी घ्या. एकटा फॉर्मामिडिनियम काळ्या अवस्थेत यायला १५० अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि खोलीच्या तापमानाला पिवळा होऊ पाहतो, कारण तो रेणू लेड-आयोडाइडच्या स्फटिकी पिंजऱ्यासाठी जरा मोठा पडतो. सिझियम लहान असल्यामुळे सरासरी आकार जुळतो. १५ ते २० टक्के सिझियम ही सुरुवातीला बरी जागा. फार वाढवलंत तर सिझियमचे वेगळे पुंजके होतात.

ब्रोमाइड जपून घाला. एकेरी सेलला थोडासा पुरतो. सिलिकॉनवरच्या जोडसेलसाठी ऊर्जापट्टा, म्हणजे किती ऊर्जेपासूनचा प्रकाश शोषला जातो ती सीमा, १.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास न्यावा लागतो आणि तिथे ब्रोमाइडला पर्याय नाही; पण प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं की उजेडात आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगळे होण्याची प्रवृत्ती वाढते. प्रकाश-उत्सर्जनाच्या वर्णपटात उजेड पडत असताना लाल बाजूला नवं शिखर उगवलं, तर हेच चाललंय. अंधारात ठेवल्यावर ते बऱ्याचदा पुन्हा मिसळतात, म्हणून मोजणी उजेड चालू असतानाच करा.

तिसरी पायरी: द्रावण, फिल्म आणि जुलै महिना

द्रावण ताजं वापरा. फिकट पिवळं द्रावण नारिंगी-तांबूस होऊ लागलं की आयोडाइडचं आयोडीन झालंय. मिथाइलअमोनियम आणि फॉर्मामिडिनियम एकत्र असतील तर ते बाटलीतच एकमेकांशी अभिक्रिया करून तिसराच रेणू तयार करतात. मिथाइलअमोनियम सोडण्याचं हेही एक कारण.

आता हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर सहज जाते. हिवाळ्याच्या दुपारी ती खूपच खाली असते. ग्लोव्हबॉक्सबाहेर, म्हणजे कोरड्या नायट्रोजनच्या बंद पेटीबाहेर, स्पिन-कोटिंग (काच गरगर फिरवून द्रावणाची फिल्म पसरवणं) करणाऱ्यांनी जानेवारीतली बॅच आणि जुलैतली बॅच एकाच आलेखात ठेवू नये. एसी लावला की काम झालं असं समजू नका, खोली गार झाली तरी हवा हवी तेवढी कोरडी होतेच असं नाही. डीह्युमिडिफायर घ्या, किंवा स्पिन-कोटरवर ॲक्रिलिकची पेटी बसवून तिच्यात कोरडी हवा सोडा. त्या पेटीत आर्द्रतामापक ठेवा आणि वहीत प्रत्येक बॅचसमोर आर्द्रता आणि तापमान लिहा. हे इतकं साधं काम आहे, पण सहा महिन्यांनी ‘ही बॅच वेगळी का वागली’ याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

डीएमएसओ हा द्रावक चिवट असतो. वरून फिल्म वाळलेली दिसते आणि तळाशी तो अडकून राहतो. नंतर निघून जाताना काचेलगत पोकळ्या सोडतो. सेलच्या ऱ्हासाची सुरुवात अनेकदा याच पोकळ्यांत होते. फिल्म काचेवरून सोलून तिची खालची बाजू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी पाहा. वरचा पृष्ठभाग सगळेच पाहतात.

किंचित जास्तीचं लेड आयोडाइड पहिल्या दिवशी कार्यक्षमता वाढवतं, हे खरं. पण उजेडात तेच धातुरूप शिसं आणि आयोडीन यांत तुटतं. टिकाऊपणा हवा असेल तर ही लालूच सोडलेली बरी.

चौथी पायरी: थरांच्या सीमा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. थर एकेकटे ठीक असतात. बिघाड होतो तो दोन थर जिथे भेटतात तिथे.

जुन्या रचनेत खाली टिटॅनियम डायऑक्साइड, वर विद्युतभार वाहून नेणारा स्पायरो-ओमेटॅड हा सेंद्रिय पदार्थ आणि त्यावर सोनं असतं. टिटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांत उत्प्रेरकासारखा वागून पेरोव्हस्काइट कुरतडतो. स्पायरोला वहनक्षम करायला जो लिथियम क्षार घालतात तो हवेतलं पाणी ओढतो, आणि सोबतचा पिरिडीनवर्गीय द्रव उष्णतेत उडून जातो. ७० अंशांच्या पुढे सोनंही त्या थरातून झिरपत खाली उतरतं. या रचनेत ८५ अंशांचं स्वप्न पाहू नका. टिन ऑक्साइडने टिटॅनियमचा प्रश्न सुटतो, स्पायरोचा नाही.

माझा सल्ला सरळ आहे: उलटी रचना घ्या. खाली काचेवर आयटीओ (पारदर्शक वाहक ऑक्साइड), त्यावर कार्बाझोल-फॉस्फॉनिक आम्लाच्या रेणूंचा एकपदरी थर, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘सॅम’ म्हणतात. मग पेरोव्हस्काइट, सी६० (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे कार्बनचे चेंडूसारखे रेणू), टिन ऑक्साइड आणि शेवटी धातू. सॅम इतका पातळ असतो की त्यात क्षार घालावा लागत नाही आणि महागडा पदार्थही नगण्य लागतो. अडचण एवढीच की तो सगळीकडे सारखा बसत नाही. आयटीओ नीट धुऊन यूव्ही-ओझोनमधून ताजा काढला असेल तर पकड चांगली येते. काही जण खाली निकेल ऑक्साइडचा पातळ थर देतात. तसं करणार असाल तर एक ध्यानात ठेवा: निकेल ऑक्साइड स्वतः पेरोव्हस्काइटशी अभिक्रिया करतो, त्यामुळे सॅमने तो पुरता झाकला पाहिजे. झिंक ऑक्साइडच्या वाटेला जाऊच नका. तापवताच तो सेंद्रिय आयनांमधला प्रोटॉन काढून घेतो.

पेरोव्हस्काइट आणि सी६० यांची सीमा ही या रचनेतली दुखरी जागा. इथे फेनेथिलअमोनियम आयोडाइडचा थर देण्याची पद्धत रूढ आहे आणि आकडे लगेच वाढतात. पण उष्णतेत हे अवजड आयन आत सरकतात आणि आज व्होल्टेज वाढवणारा थर उद्या अडथळा होतो. दोन्ही टोकांना अमोनियम असलेले रेणू, उदाहरणार्थ प्रोपेन-डायअमोनियम आयोडाइड, वापरून पाहा. कोणताही रेणू घ्या, पण निवड पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून करू नका. ८५ अंशांवर काही दिवस ठेवल्यानंतरच्या आकड्यावरून करा.

पैसे एकाच यंत्रावर घालायचे असतील तर अणुथर-निक्षेपणाच्या, म्हणजे एएलडीच्या यंत्रावर घाला. १५-२० नॅनोमीटरचा टिन ऑक्साइड १०० अंशांच्या आत चढवता येतो आणि तो दुहेरी काम करतो: बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, आतलं आयोडाइड आणि सेंद्रिय वाफ बाहेर जाऊ देत नाही. हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं. विघटनातून निघणारा वायू आतच कोंडला की विघटन मंदावतं.

चांदीचा इलेक्ट्रोड काळवंडला किंवा पिवळसर झाला तर आयोडाइड धातूपर्यंत पोचून सिल्व्हर आयोडाइड बनलंय. मध्ये दाट अडथळा नसेल तर चांदी टिकणार नाही. ज्यांच्याकडे एएलडी नाही, निर्वात यंत्रही धड नाही, त्यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडचा विचार करावा. छापता येणाऱ्या तिहेरी सच्छिद्र थरांच्या कार्बन सेलने २०१४ सालीच १२.८ टक्के कार्यक्षमता दाखवली होती आणि पूर्ण सूर्यप्रकाशात, उघड्या हवेत हजार तासांहून जास्त काळ तग धरला होता. कार्यक्षमतेच्या शर्यतीत कार्बन मागे पडतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. आपल्याकडच्या साधनांत, आपल्या हवेत, मला ते दुर्लक्ष परवडणारं वाटत नाही.

पाचवी पायरी: काचेत बंद करणं

दोन काचा आणि कडेने ब्यूटाइल रबराची पट्टी, ही आजची भरवशाची पद्धत. दुहेरी काचेच्या खिडक्यांतही कडेला ब्यूटाइलच असतं, त्यामुळे माल अपरिचित नाही. पण सौरपॅनेलसाठीची, आत पाणी शोषणारा पदार्थ मिसळलेली जात मागा. पट्टीची रुंदी सेंटिमीटरभर तरी असू द्या आणि पट्टीखालचं पेरोव्हस्काइट पूर्ण पुसून काढा. फिल्म पट्टीखालून बाहेरपर्यंत गेली असेल, तर पाण्याला तीच वाट मिळते.

सिलिकॉन पॅनेलमध्ये भराव म्हणून सर्रास वापरतात ते ईव्हीए प्लास्टिक इथे नको. ते तापल्यावर ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि त्याला पक्कं करायला लागणारी १४०-१५० अंशांची उष्णताही सेलला जाचते. पॉलिओलेफिन किंवा पॉलिआयसोब्यूटिलीन बरं. मऊ पदार्थाचा आणखी एक फायदा म्हणजे तापमानाच्या फेऱ्यांत तो सेलला ओढत नाही. पेरोव्हस्काइटचे थर एकमेकांना फारच हलके चिकटलेले असतात आणि ताठ भराव आकसला की सी६० पाशी पापुद्रा सुटतो. २०२० साली पॉलिआयसोब्यूटिलीन वापरून काच-काच बंदिस्त केलेल्या सेलनी ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १८०० तासांहून अधिक काळ काढल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे पाणी अडवणं हा प्रश्न तत्त्वतः सुटलेला आहे. राहतो तो हातकामाचा भाग.

हातकाम तपासायला पेरोव्हस्काइट वाया घालवू नका. काचेवर कॅल्शियमचा पातळ चकचकीत थर चढवा, नेहमीसारखंच बंद करा आणि दमट पेटीत ठेवा. पाणी शिरेल तिथे कॅल्शियम पारदर्शक होत जातो. गळती बहुतेक वेळा वायर बाहेर येते त्याच कोपऱ्यात दिसते. म्हणून जाड वायरऐवजी चपटी पातळ पट्टी काढा, किंवा आयटीओच पट्टीखालून बाहेर न्या.

यूव्हीने पक्का होणारा इपॉक्सी वापरणार असाल तर बंद करण्याआधी आणि नंतर लगेच सेल मोजा. काही इपॉक्सी स्वतःच सेल बिघडवतात आणि दोष मात्र हवेच्या माथी जातो.

सहावी पायरी: मोजणी

दिवसातून एकदा काढलेला व्होल्टेज-करंट वक्र पुरेसा नाही. सेल सतत कमाल शक्तीच्या बिंदूवर ठेवून मोजा. तापमान हॉटप्लेटचं नको, सेलच्या काचेला चिकटवलेल्या सेन्सरचं लिहा. दिव्याखाली दोन्हींत चांगलाच फरक पडतो. पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, तेव्हा तिथला निकाल उन्हापेक्षा गोडच येणार. ‘टी-८०’, म्हणजे कार्यक्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ, सांगताना शंभर टक्के कुठून धरले तेही सांगा: पहिल्या मिनिटापासून की सुरुवातीची घसरण संपल्यावर? काही सेल रात्री अंधारात सावरतात, काही उलट सकाळी मंद सुरू होतात, म्हणून सलग उजेडाबरोबर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशीही एक चाचणी लावा.

८५ अंशांवरच्या तासांवरून घराच्या छतावरची वर्षं काढायचा मोह सगळ्यांना होतो. एक हिशेब करून दाखवतो. सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानागणिक ऱ्हास किती वेगावतो ते ठरवणारा आकडा, ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर ८५ अंशांवरचा एक तास ४५ अंशांवरच्या साधारण साडेअकरा तासांइतका. पुण्यात भर उन्हाच्या मापात वर्षाचे दोन हजारांच्या आसपास तास मिळतात, म्हणजे ८५ अंशांवरचे हजार तास झाले पावणेसहा वर्षं. आता ऊर्जा ०.४ धरा: एका तासाचे जेमतेम पाच तास होतात आणि आयुष्य अडीच वर्षांवर येतं. म्हणून किमान तीन वेगवेगळ्या तापमानांवर, उजेडातच, चाचणी घेऊन ही ऊर्जा स्वतः मोजा. दुसऱ्याच्या लेखातला आकडा उसना घेऊ नका, त्याचा सेल वेगळ्या कारणाने मरत असेल.

पॅनेलसाठीच्या आयईसी ६१२१५ या मानकात ८५ अंश व ८५ टक्के आर्द्रतेचे हजार तास, उणे ४० ते अधिक ८५ अंशांचे २०० फेरे आणि आर्द्रता-गोठणीचे १० फेरे आहेत. अशी हवामान-पेटी विकत घ्यायची गरज नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्या होतात, तिथे अशा पेट्या असतात. भाड्याने वेळ मिळतो का ते विचारा. मात्र हे मानक सिलिकॉनच्या दुखण्यांवरून घडलंय. त्यातली दमट-उष्ण चाचणी अंधारात होते, आणि पेरोव्हस्काइटला खरा मार बसतो तो उजेड आणि उष्णता एकत्र आल्यावर. ती जोडचाचणी मानकात असो नसो, तुम्ही घ्या.

सातवी पायरी: गच्चीवर

मार्चमध्ये सेल गच्चीवर चढवा. दक्षिणेकडे तोंड, १८ अंशांच्या आसपास कल. मग आधी उन्हाळा, मग तापलेल्या काचेवर एकदम कोसळणारा वळवाचा पाऊस आणि पाठोपाठ चार महिन्यांची ओल, असा क्रम आपोआप मिळतो. शेजारी एक सिलिकॉनचा सेल संदर्भासाठी ठेवा, म्हणजे धूळ बसल्याने पडलेला फरक ऱ्हास म्हणून नोंदला जाणार नाही. ऊन, काचेमागचं तापमान आणि शक्ती दर काही मिनिटांनी नोंदवा, आणि रात्रीची नोंदही बंद करू नका.

सावलीकडे लक्ष द्या. पाण्याच्या टाकीची सावली किंवा कबुतराची विष्ठा एका सेलवर पडली की मालिकेतले बाकीचे सेल त्याच्यावर उलटं व्होल्टेज लादतात. पेरोव्हस्काइट त्या उलट्या व्होल्टेजला सिलिकॉनपेक्षा फार लवकर हार मानतो, काही व्होल्टमध्येच. छोट्या मॉड्यूललाही बायपास डायोड (सावलीतल्या सेलला वळसा घालून करंट नेणारा) लावा, आणि एका सेलवर मुद्दाम पुठ्ठा ठेवून ही चाचणी उघड्यावर नेण्याआधी आतच करून घ्या.

मेलेले सेल फेकू नका. निम्मे उघडून तपासा, निम्मे बंदच ठेवा. पुढे नवं उपकरण हाताशी आलं तर तुलनेला लागतात. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरमागे शिसं एका ग्रॅमपेक्षा कमीच असतं, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं. त्यामुळे फुटके तुकडे, पुसलेले टिश्यू आणि उरलेली द्रावणं वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात भरून संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेतूनच जाऊ द्या. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. आणि डीएमएफ हा द्रावक हाताळताना नेहमीच्या पातळ नायट्राइल हातमोज्यांवर विसंबू नका. तो त्यांतून लवकर पार होतो आणि कातडीतून शिसंही सोबत नेतो. ब्यूटाइलचे हातमोजे घाला, निदान नायट्राइलचे दोन जोड एकावर एक चढवून थेंब पडताच बदला.